वरून ओतलेलं पाणी

रविवार उजाडला की मी सारखी घड्याळ बघायची. ही गेल्या डिसेंबरची गोष्ट. माझ्या पदवीदानासाठी बाबा नागपूरहून आले होते. आईला शाळेतून रजा मिळाली नाही म्हणून ते एकटेच आले, आणि अमेरिकेत, हर्नडनमध्ये मी भाड्यानं राहते त्या काकूंच्या बेसमेंटमध्ये आम्ही बापलेक एकमेकांना चुकवत वावरत होतो. एक खोली, एक छोटं किचन, एक बाथरूम. त्यात माणूस माणसाला चुकवणार तरी किती?

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला आफ्रिकेतल्या मलावीहून व्हिडिओ कॉल यायचा. त्याआधीच्या उन्हाळ्यात मी व्हॉलंटियर म्हणून त्या देशातल्या एका खेड्यात राहून आले होते. जिच्या घरी राहिले ती बाई फोन करायची. मी तिला अमाई म्हणते. तिकडे आईला तसंच म्हणतात. तिची मुलगी रविवारी शहरातून घरी आली की तिच्या फोनवरून अमाई मला गाठायची, ख्यालीखुशाली दोन वाक्यांत उरकायची आणि मुद्द्यावर यायची.

"तुझे वडील आलेत ना? दाखव."

"झोपलेत," मी सांगायची. कधी "फिरायला गेलेत", कधी "आंघोळीला गेलेत".

एका रविवारी ती म्हणाली, "तुझे वडील फार आंघोळ करतात."

वडील तर माझ्यासमोर सोफ्यावर बसलेले असायचे, मांडीवर स्वतःची स्टीलची पाण्याची बाटली घेऊन. फोन वाजला की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. "बाबा, दोन मिनिटं बोला ना," मी म्हणायची. "मला नाही बोलायचं त्या बाईशी," ते म्हणायचे. की संपलं.

मी बेसमेंटमध्ये येरझारा घालायची. डलस विमानतळ जवळच, विमानं छपरावरून गेल्यासारखी जातात. एरवी मला ती ऐकूही येत नाहीत, पण त्या दिवसांत प्रत्येक विमान डोक्यात जायचं. वरून काकू जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडायच्या, "पायाला भिंगरी लागली का गं तुझ्या? माझं कार्पेट झिजेल!" मी जॅकेट घालून बाहेर जायची, पार्किंगला फेऱ्या मारायची, गारठून परत यायची. बाबा तसेच बसलेले असायचे.

अमाईचा हट्ट उगाच नव्हता. तिच्याकडे पाहुणा निघाला की त्याला नुसतं दारातून हात हलवून निरोप देत नाहीत, वाटेनं बरंच अंतर सोबत चालत जाऊन पोचवतात. मला सोडायला ती पार बसथांब्यापर्यंत चालत आली होती, माझी बॅग डोक्यावर घेऊन. आणि तिचं म्हणणं असं की परक्याचं लेकरू आपण सांभाळलं, परत पाठवलं, तर ते मिळालं असं त्याच्या घरच्या मोठ्या माणसानं एकदा तोंडानं सांगायला हवं. मी पोचले हे मी सांगून भागत नव्हतं. "मी लेकरू परत केलं. मिळालं, असं मला कुणी म्हणालं नाही," ती म्हणायची. हळूहळू तिनं मनाशी घेतलं होतं की माझे वडील तिच्यावर रागावलेत. मग आवाज खाली आणून विचारायची, "आमच्या पाण्यानं तुला काही झालं का तिकडे गेल्यावर? तसं असेल तर सांग. मी वाईट नाही वाटून घेणार."

तिला पाण्याचीच शंका का यायची, ते सांगते.

मी एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगला होते. उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळाली होती, ती कंपनीनं ऐन वेळी कॅन्सल केली. मैत्रिणी कुणी अल्फारेटाला, कुणी न्यू जर्सीला ऑफिसात बसायला गेल्या, आणि मी खोलीत. बसून राहणं माझ्या रक्तात नाही. डिपार्टमेंटच्या बोर्डवर मलावीत विहिरी आणि हातपंपांचं पाणी तपासायला व्हॉलंटियर हवेत असं दिसलं, मी नाव दिलं. "यार, फुकटात राबायला एवढ्या लांब कोण जातं?" माझी तेव्हाची रूममेट म्हणाली. मी म्हटलं, मी जाते.

उन्हाळा म्हणून मी सुती कुर्ते भरले. तिकडे जून-जुलैत थंडी असते हे मला विमानतळावर उतरल्यावर कळलं. कपाळ माझं! एवढी शिकलेली पोर, आणि पृथ्वीचा खालचा अर्धा भाग विसरली. पहिल्या रात्री अमाईनं स्वतःचं ब्लँकेट माझ्यावर घातलं आणि हसून हसून बेजार झाली. तिचं इंग्रजी बेताचं, माझी चिचेवा, म्हणजे तिथली भाषा, त्याहून बेताची, पण हसण्यापुरतं आमचं चांगलं निभायचं.

पण त्याच संध्याकाळी, ब्लँकेटच्या आधी, जेवताना घोळ झाला होता.

विटांचं घर, वर पत्रे, स्वयंपाकाची झोपडी बाहेर वेगळी. चटई टाकली होती. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पांढरा गोळा, सोबत वाळक्या माशांचं कालवण. माझ्यासाठी म्हणून शेजारच्या दोन बायकाही आल्या होत्या. मला एक बुटकं स्टूल दिलेलं. दोन दिवसांचा प्रवास, डोकं भणभणत होतं. अमाई एका हातात जग आणि दुसऱ्या हातात पसरट टब घेऊन माझ्यापुढे आली. हात पुढे करायची खूण केली. मी केले. आणि तिनं जग उचलून वाकडा केला.

वरून येणारी पाण्याची धार आणि खाली माझे पसरलेले हात. मला एवढंच दिसलं.

आमच्या घरात पाण्याची एक गोष्ट आहे. बाबांनी ती मला कधीच सांगितली नाही, आईनं सांगितली, तीही एकदाच. बाबा लहान असताना आपल्या आईबरोबर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला गेले. तहान लागली म्हणून मालकाच्या घरी पाणी मागायला गेले. मालकीण ओट्यावर उभी राहिली, तांब्या उंच धरला आणि खाली उभ्या पोराच्या ओंजळीत वरून धार सोडली. आपली भांडी आमच्या माणसांना लागू नयेत म्हणून तशीच रीत होती. पाणी नाकात गेलं, बाबांना ठसका लागला. ती हसली नाही की रागावली नाही. तिनं तांब्या फक्त आणखी थोडा वर धरला, शिंतोडा उडू नये म्हणून.

तेव्हापासून बाबा कुणाच्या घरचं पाणी पीत नाहीत. वीज कंपनीत इंजिनिअर झाले, साहेब झाले, पाटीवाली गाडी मिळाली, पण बाटली काही सुटली नाही. लग्नात, बारशात, अगदी आपल्याच माणसांकडेही. "यांना बाहेरचं पाणी सोसत नाही," असं आई सगळ्यांना सांगते. हर्नडनला आल्यावर पहिल्याच दिवशी काकूंनी ट्रेमधून पाणी आणलं, तर बाबांनी हसून बाटली वर करून दाखवली. काकू आमच्याच समाजातल्या, नागपूरच्याच. त्यांनी ट्रे परत नेला.

तर त्या संध्याकाळी ती धार बघितली आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "नको! मी घेते माझं!" असं मराठीत ओरडून मी उठले, अमाईच्या हातातून जग ओढला. अर्धं पाणी तिच्या अंगावर सांडलं. तिनं नेसलेलं नवंकोरं कापड पोटापासून गुडघ्यापर्यंत भिजलं. मी माझ्याच हातानं हात धुतले, बसले, जेवले. काय जेवले ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यापुढे जग आला नाही. माझ्या जागी बंद झाकणाची पाण्याची बाटली ठेवलेली असायची, बाजारातून विकत आणलेली. प्यायलाही तीच, हात धुवायलाही तीच. मला वाटलं, परदेशी पाहुणी म्हणून काळजी घेतात बिचाऱ्या. आणि मी आपली खुशाल! पहाटे अंगण झाडायच्या आवाजानं उठायची, अमाईबरोबर हापशीच्या रांगेत उभी राहायची, डोक्यावरून बादली आणताना अर्धं पाणी स्वतःवर ओतून घ्यायची. बायका टाळ्या पिटायच्या. मग सायकल टॅक्सीच्या मागे बसून गावोगावच्या हापशांचं पाणी छोट्या बाटल्यांत भरून आणायची, रात्री बसून त्याच्या तपासण्या करायची. उसंत म्हणून नव्हती आणि मला तेच हवं होतं. तरी आत कुठंतरी चैन नव्हती. घरात सगळे माझ्याशी जरा जपून वागायचे, आणि का ते कळत नव्हतं.

एका दुपारी कळलं. शेजारची एक चिमुरडी अंगणात खेळताना आत आली आणि फळीवरची माझी बाटली तिनं उचलली. अमाईची मुलगी धावत गेली, तिच्या पाठीत धपाटा घातला आणि ओरडली. चिचेवा तोवर मला एवढी समजत होती: ते पाहुणीचं पाणी आहे, हात लावायचा नाही. मुलगी रडत पळाली. अमाईच्या मुलीनं बाटली बाहेरून धुतली, पुसली, परत फळीवर ठेवली. वर कापड टाकलं.

मी दारात उभी होते. माझं पाणी वेगळं. माझी बाटली वेगळी. तिला लहान मुलानं शिवायचं नाही, आणि शिवलं तर धुवायची. बाप्पा! म्हणजे या घरात विटाळ मानणारी मी होते. पाणी तपासायला आलेली शिकलेली बाई, तिनं पहिल्याच दिवशी आमचं पाणी झिडकारलं, असा अर्थ त्यांनी लावला होता, आणि दुसरा कुठला लावणार होत्या? मला इतकी लाज वाटली की मी घरामागे मक्याच्या कणग्यापाशी जाऊन रडले.

अमाई शोधत आली. आता बोलणं भाग होतं. जेवढं इंग्रजी तिला कळेल तेवढं वापरून, बाकी हातवारे करून मी तिला बाबांची गोष्ट सांगितली. कापूस, ओटा, तांब्या, ओंजळ. तांब्या आणखी वर कसा धरला ते उभी राहून करून दाखवलं. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. मला वाटलं, आता जवळ घेईल, डोळे पुसेल. कुठलं काय!

"ती बाई अजून जिवंत आहे?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"असेल तर पत्ता दे मला." तिचे डोळे लाल झाले होते, खरंच सांगते. मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू मला ती बाई समजलीस?"

मी कुर्त्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"मी कशी बसले होते तुझ्यापुढे? उभी होते?"

तेव्हा मी आठवून पाहिलं. अमाई गुडघ्यांवर होती. जग धरलेला तिचा हात माझ्या हातांच्या वर, पण ती स्वतः जमिनीवर गुडघे टेकून, स्टुलावर बसलेल्या माझ्याहून खाली, टब माझ्या हातांखाली धरून. पाहुण्याच्या हातावर पाणी घालायचं ते असं बसूनच. मला धार दिसली होती, बाई दिसलीच नव्हती.

त्या संध्याकाळी जग परत आला. आता मला दुसरंच टोचायला लागलं. साठीच्या बाईनं माझ्यापुढे गुडघे टेकायचे? आमच्या घरात कुणी कुणापुढे वाकायचं नाही, हे बाळकडू. मी तिला म्हटलं, तू उठ, मला नाही हे बघवत. "तुला जेवायचंय की भांडायचंय?" ती म्हणाली. बायकांनीच का गुडघे टेकायचे यावर आम्ही पुढं बऱ्याचदा भांडलो. मला ते पटलं नाही, आजही पूर्ण पटलेलं नाही. पण निघायच्या आधीच्या आठवड्यात मीच जग घेतला आणि तिच्यापुढे तशीच बसले. ती ताठ बसून, हात पुढे करून, एखाद्या महाराणीसारखी माझ्याकडून हात धुवून घेत होती. धार वाकडी पडली तर ओरडत होती.

जग परत आला त्याच दिवशी आनंदाच्या भरात मी बाबांना फोन केला होता. रेंज जेमतेम. मी उत्साहानं सांगत सुटले, "बाबा, इथं जेवायच्या आधी हातावर पाणी ओततात. मी आधी घेत नव्हते, आज घेतलं."

बाबांनी विचारलं, "वरून?"

"हो, वरूनच, पण बाबा..."

फोन कट. मला वाटलं रेंज गेली. मी हातातला फोन वर धरून अंगणभर फिरले. रेंज होती. मग आईचा मेसेज आला, "ते जेवता जेवता उठले. तू काय बोललीस?"

त्या दिवसापासून बाबांनी माझ्या त्या उन्हाळ्याचं नाव काढलं नाही. मी विषय काढला की उठून जायचे. आईकडे मात्र म्हणाले होते, "पोरीला अमेरिकेला पाठवलं ते काय वरून पाणी घ्यायला? तेही आनंदानं सांगून राहिली!" आईनं हे मला सांगितलं आणि वर दम दिला, तू त्यांच्या नादी लागू नको म्हणून. तर मी उन्हाळाभर, आणि मग हर्नडनमध्ये बाबा समोर असताना, ते अर्धं राहिलेलं वाक्य पोटात घेऊन फिरत होते. इकडे बापाला वाटतंय की त्या बाईनं माझ्या लेकीचा अपमान केला. तिकडे अमाईला वाटतंय की आपल्या पाण्यानं पोर बिघडली. आणि मध्ये मी, पार्किंगमध्ये फेऱ्या मारतेय.

बाबांच्या परतीच्या विमानाला आठवडा राहिला होता तेव्हाचा रविवार. म्हणजे हा शेवटचा. बाबांना अकरा वाजता जेवायला लागतं, म्हणून मी ज्वारीचं पीठ मळत होते. फोन किचनच्या ओट्यावर, बाबांच्या हाताशी. तो वाजला.

"बाबा, उचला, माझे हात पिठात आहेत!"

मुद्दाम नव्हतं केलं. बरं, अर्धं मुद्दाम. हात धुवायला कितीसा वेळ लागतो?

बाबांनी नाव न बघता उचलला. त्यांना वाटलं आई असेल. स्क्रीनवर अमाई. मागे पत्र्यावर पावसाचा आवाज, शेगडीचा धूर. तिनं क्षणभर डोळे बारीक करून बघितलं, समोर पांढऱ्या केसांचा माणूस दिसला, आणि तिला कळलं. तिनं फोन मुलीच्या हातात दिला, दोन पावलं मागं सरली आणि सावकाश, एका हातानं भिंत धरून, दोन्ही गुडघे जमिनीवर टेकले. मान झुकवली.

"अरे! अरे, ही काय करून राहिली?" बाबा ओरडलेच. "हिला उठव! काऊन खाली बसली ही?"

"नमस्कार करतेय तुम्हाला. तुम्ही मोठे, पाहुणीचे वडील..."

"मोठा? मी? ती माझ्याहून मोठी दिसते! उठव म्हणतो ना!" मग फोनमध्येच, मोठ्यानं, मराठीत, "उठा बाई! उठा! असं नका करू!"

अमाईला अक्षर कळलं नाही. तिला फक्त ओरडणारा माणूस दिसला, तिला वाटलं रागावला, तिनं मान आणखी खाली घातली. बाबांचा चेहरा बघवेना. ते दोन्ही हातांनी फोन घट्ट धरून इकडे तिकडे बघत होते, काय करावं सुचेना. आणि मग माझा बाप, ज्याला गुडघेदुखीमुळं खुर्चीवरून उठतानाही आधार लागतो, ओट्याला धरून कण्हत खाली आला आणि किचनच्या फरशीवर बसला. पाय पसरून, पाठ कपाटाला टेकून, फोन तोंडासमोर.

तिकडे अमाईची मुलगी किंचाळली. अमाईनं वर पाहिलं. "पडले का ते?" तिनं विचारलं.

"नाही!" मी पिठाच्या हातांनीच खाली बसले. "नाही अमाई. तू खाली बसलीस म्हणून तेही बसले."

अमाईनं हे ऐकलं आणि म्हणाली, "त्यांना आधी उठायला सांग."

मी सांगितलं. बाबा म्हणाले, "तिला म्हण, आधी तू."

दोघंही उठेनात. स्क्रीनच्या दोन बाजूंना, जमिनीवर बसलेली दोन म्हातारी माणसं. मग बाबांनी घसा साफ केला आणि आपल्या ऑफिसातल्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, माय डॉटर हॅज रीच्ड. सेफली. थँक यू."

अमाईनं डोळे मिटले. "मिळाली ना?" तिनं विचारलं. "मिळाली," मी बाबांच्या वतीनं म्हणणार होते, पण अमाईनं हातानं मला गप्प केलं आणि बाबांकडे बघत राहिली.

"यस," बाबा म्हणाले. "मिळाली."

मग ते माझ्याकडे वळले. आवाज एकदम बारीक झाला होता. "विचार तिला. तुला पाणी द्यायची तेव्हाही अशीच बसायची काय?"

"तिला कशाला विचारू? मलाच विचारा ना! रोज अशीच बसायची, बाबा. खाली. मी वर, स्टुलावर. हेच सांगत होते मी फोनवर, तुम्ही ऐकून कुठं घेतलं?"

"तू म्हणाली, वरून."

"पाणी वरूनच पडतं ना, बाबा! खालून कसं पडेल?" मी रडत होते आणि ओरडतही होते. वर काकूंनी पाय आपटला.

अमाईला हा आमचा तंटा कळेना. तिच्याकडे जेवायची वेळ झाली होती. तिनं विचारलं, वडील जेवले का? मी म्हटलं, आता जेवतील. "त्यांच्या हातावर पाणी कोण घालतं?" मी म्हटलं, इथं नळ आहे. तिनं जिभेनं च्यक् केलं. "समुद्र ओलांडून बाप लेकीच्या घरी आला, आणि नळावर हात धुतो? मी तुला काय शिकवलं?"

मी उठले. हात धुतले. मेझरिंग जगमध्ये कोमट पाणी घेतलं, पीठ मळायची परात रिकामी केली. आणि येऊन बाबांसमोर गुडघे टेकून, खाली वाकून बसले. मी परात त्यांच्या मांडीजवळ धरली. "बाबा, हात."

त्यांनी फोन कपाटाला टेकवून ठेवला, हात पुढे केले. मी जग वाकडा केला.

धार पडली आणि बाबांचे हात आपोआप जुळले. बोटं घट्ट, करंगळ्या एकमेकींना चिकटलेल्या, एक थेंब गळणार नाही अशी ओंजळ. मान खाली आली, ओठ पाण्यापाशी गेले. मी जग सरळ केला. फोनमध्ये अमाईनं तोंडावर हात घेतला होता. तिला ती ओंजळ माहीत होती, मीच करून दाखवली होती.

बाबा तिथंच थांबले. ओंजळीतलं पाणी हलत होतं. त्यांनी ते बघितलं, मग मान वर करून मला शोधलं, आणि मी त्यांना वर सापडले नाही. मी त्यांच्या गुडघ्यापाशी होते.

त्यांनी बोटं सैल सोडली. पाणी परातीत सांडलं. मग त्यांनी एक हात दुसऱ्यावर चोळला, मनगटापर्यंत, सावकाश.

"अजून ओत," ते म्हणाले.